थोरली बोट, धाकटी बोट

इंदूरच्या माणसानं बोटीच्या भानगडीत पडू नये. समुद्र आमच्यापासून शेकडो मैल लांब, आणि गावातून जी एक नदी वाहते तिच्यात म्हशी बसल्या की पाण्याला जागा उरत नाही. तरी मी पडलो. का पडलो ते आधी सांगतो, म्हणजे पुढे तुम्ही हसाल तेव्हा निदान जरा जपून हसाल.

मी मध्यभारत सरकारच्या सचिवालयात कारकून आहे. (हेडक्लार्क म्हटलं तरी चालेल, पण हाताखाली एक पेपरवेट सोडून दुसरं कुणी नाही.) संस्थानं विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं तेव्हा राजधानी ग्वाल्हेर की इंदूर यावर मोठ्या लोकांची बरीच ताणाताणी झाली. शेवटी दोन्ही गावांचं समाधान करण्यात आलं. उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. सगळे खूश झाले, ज्यांना सामान बांधावं लागतं तेवढे सोडून. दिवाळीच्या आगेमागे फायली, टाइपरायटर, कपाटं आणि मी असे सगळे ग्वाल्हेरला जातो आणि उन्हाळा लागला की परत येतो. कपाटांचे पाय मोडतात, म्हणून त्यांना गवतात गुंडाळून नेतात. मला कुणी गुंडाळत नाही.

घरची मंडळी काही बरोबर येऊ शकत नाहीत. मुलांच्या शाळा इथे, माझ्या वडिलांचा, म्हणजे नानांचा, दमा इथला, वैद्य इथले. शिवाय ग्वाल्हेरला मला मिळते अर्धी खोली. दुसऱ्या अर्ध्या खोलीत सरकारी स्टेशनरी राहते, आणि तिचा हक्क माझ्याआधीचा आहे.

तर गेल्या उन्हाळ्यात मी असाच ग्वाल्हेरहून आलो. टांगेवाल्यानं ट्रंक ओट्यावर ठेवली. दारात कमल उभी होती. कमल म्हणजे माझी शेंडेफळ, वय वर्षं चार. तिनं मला खालून वर नीट न्याहाळलं आणि आत पळाली.

“आई, पाहुणे आले!”

“अगं, पाहुणे कसले? बाबा आहेत ते तुझे!” यशोधरा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, आतून म्हणाल्या.

“हौ, पण किती दिवस राहणार?”

सगळं घर पोट धरून हसलं. मीही हसलो. पण पानावर बसल्यावर मनात हिशेब मांडला, खरं सांगतो. पोरीचं आयुष्य चार वर्षांचं, त्यातली निम्मी वर्षं मी नव्हतोच. तिचं तरी काय चुकलं? आणि ती बोलली तरी. बाकीचे न बोलता तेच समजत असणार. मी बसलेल्या पाटावर एरवी तांब्या ठेवत असत, तो आता कुठे ठेवायचा यावर माझी थोरली बहीण, शशिआक्का, आणि यशोधरा माझ्यासमोरच खलबत करत होत्या. मनाला फार लागलं ते. मी तिथेच ठरवलं की या खेपेला काहीतरी असं करायचं, की मी गेल्यावर सहा महिने ही माणसं माझी आठवण काढतील. निदान कमल तरी विसरणार नाही.

आणि त्याच आठवड्यात सरदार जयसिंगरावांचं पत्र आलं.

जयसिंगराव म्हणजे नानांचे जुने धनी. नानांनी त्यांच्या जहागिरीचं कारभारीपण तीस वर्षं केलं. आता जहागिरी गेल्या, सरदार बाडबिस्तरा आवरून बडोद्याला लेकाकडे निघाले होते. देपालपूरच्या वाटेवर त्यांचा एक तलाव होता. तलाव सरकारात जमा झाला, पण तलावाकाठच्या शेडमधल्या दोन मोटरबोटी सरकारनं नेल्या नाहीत. (सरकारला बोट कोणत्या खात्यात टाकावी ते समजलं नसावं.) पत्रात लिहिलं होतं, “नाना, तुमच्या सेवेची आठवण म्हणून दोहोंपैकी एक बोट तुम्हांस देत आहे. कोणती ते महिन्याभरात कळवावे. दुसरी देपालपूरचा एक शेठ मागतो आहे.”

मला तर देव पावल्यासारखं झालं. बोट! रविवारी सगळं कुटुंब बोटीत, आणि मध्यभागी मी! असा बाप कोणती पोर विसरेल?

पहिल्याच रविवारी आम्ही सगळे बस पकडून बोटी बघायला गेलो. उन्हाळ्यात तलाव म्हणजे मोठं ताट घासून ठेवलेलं. मधोमध दोन बगळे बसले होते, तेही पाणी संपल्यावर निघायला विसरल्यासारखे. सरदारांचा जुना बोट चालवणारा संताजी शेडचं दार उघडून उभा होता.

“ही थोरली,” तो म्हणाला, “आणि ही धाकटी.”

मी एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे बघितलं, मग पुन्हा पहिलीकडे. दोन्ही हिरव्या, दोन्हींना पांढरा पट्टा, दोन्हींवर सारखाच गंज.

“संताजी, फरक काय दोन्हीत?”

“फरक असता तर सरदारांचं घर राहिलं असतं का जागेवर?” संताजी म्हणाला. “दोन बाईसाहेब होत्या ना. एकीला बोट आणली तर दुसरीनं काय करावं? म्हणून मुंबईहून एकदम जोडी मागवली. कलर सेम, इंजिन सेम. फक्त धाकट्या बाईसाहेबांच्या मातोश्री त्यांच्यापाशीच राहत, म्हणून त्या बोटीत एक आसन जास्तीचं बसवून घेतलं. मागं, इंजिनापाशी.”

“इंजिनापाशी का?”

“सरदारांचा हुकूम होता,” संताजी एवढंच म्हणाला.

आता घरातल्या मंडळींची मतं. नाना म्हणाले, “अच्युता, थोरल्या बाईसाहेबांचा मान मोठा. थोरली घ्यावी.” आक्काला धाकटीचा रंग जास्त खुलून दिसला. (एकाच डब्यातला रंग!) थोरला शरद चौदा वर्षांचा, त्यानं ठणकावून सांगितलं की थोरली जास्त फास्ट जाते, पक्की बात. बोट विटांवर ठेवलेली होती, जागची हललेली नव्हती, पण त्यानं नुसतं बघून ओळखलं. मधल्या सुमनला जिच्यात कोळी कमी ती हवी होती. कमल एका बोटीत चढून बसली होती, उतरायला तयार नव्हती, आणि ती कोणत्या बोटीत बसली आहे हे मलाच ओळखू येत नव्हतं.

“तुला काय वाटतं?” मी यशोधरेला विचारलं.

“कोणतीही घ्या, पण घ्या. छत्री घ्यायला तुम्हाला दोन पावसाळे लागले होते. मी दोन्ही पावसाळे भिजले.”

हे बोलणं मला झोंबलं. मी म्हटलं, या खेपेला उगाच घोळ नाही घालायचा. पद्धतशीर काम करायचं. आता पद्धतशीर म्हणजे मला एकच पद्धत माहीत. मी घरी येऊन फाइल उघडली.

कोरा फुलस्केप घेतला, डावीकडे समास सोडला, वर मथळा दिला: ‘दोन मोटरबोटींचा तुलनात्मक तक्ता’. रकाने आखले. सांगायला हरकत नाही, तक्ता फार देखणा झाला होता. रंग, सारखा. इंजिन, सारखं. गंज, सारखा. भोंगा: थोरलीचा वाजतो, धाकटीचा नुसता खोकतो. गाद्या: दोन्हींच्या उंदरांनी खाल्लेल्या, धाकटीच्या किंचित जास्त. आसने: थोरलीत सहा, धाकटीत सात, दोन्हींत चालवणाऱ्याचं वेगळं.

पुढचा रकाना ‘आवश्यकता’. कुटुंबातील मंडळी: सहा.

हा आकडा मला विचार करून लिहावा लागला नाही. दरवर्षी ऑफिस हललं की माणशी एक फॉर्म भरून घेतात, त्यात कुटुंबाचा आकडा लागतो. सगळ्या खात्याचे फॉर्म मीच गोळा करतो, मीच तपासतो. झोपेत उठवून विचारा, कुटुंब किती? मी सहा सांगेन.

मग काय, निर्णय आपोआपच झाला. मी खाली शेरा मारला: ‘आवश्यकता सहा आसनांची असता सात आसनांची बोट घेणे गरजेपेक्षा जास्त होईल व ऑडिटकडून आक्षेप येण्याचा संभव आहे. सबब थोरली बोट घ्यावी.’

(आमच्या घराचं ऑडिट करायला कोण येणार होतं, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका.)

फाइल मी घरभर फिरवली. पद्धत म्हणजे पद्धत. नानांनी चष्मा लावून, दोनदा वाचून ‘मंजूर’ लिहिलं आणि त्याखाली झोकदार सही ठोकली. आक्कानं वाचून सही केली, म्हणाली, “रंग खुलतो हे कुठे लिहिलंच नाहीस.” शरदनं इंग्रजीत सही केली. सुमननं सहीखाली एक फूल काढलं. यशोधरेनं पोळ्या लाटता लाटता वाचून पिठाच्या हातानं सही केली. कमलला सही येत नाही, तिचा अंगठा शाईत बुडवून घेतला. तो अंगठा मग भिंतीवर, उशीवर आणि नानांच्या टोपीवरही उठला, पण ते असो. थोरली आमची झाली. धाकटी शेठजींनी बैलगाडीवर घालून देपालपूरला नेली, दुकानापुढे मांडली आणि तिच्यात सरकी भरून ठेवली.

बोट मिळाली, आता पाणी हवं. तलाव भरायला भाद्रपद उजाडला. मला वाटलं, झालं आता. पण पहिल्या रविवारी नानांना दमा लागला. मग पितृपक्ष लागला, आणि पितृपक्षात नवी गोष्ट करायची नाही म्हणून आक्का हटून बसली. “अगं, बोट वीस वर्षांची जुनी आहे,” मी सांगून पाहिलं, तर म्हणे आपल्याला तर नवीच ना. त्याच्या पुढच्या रविवारी इंजिनाचा एक पार्ट मुंबईहून येणार होता, तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी पार्ट आला, पण तो ट्रॅक्टरचा होता.

इकडे ऑफिसात कपाटांना गवत गुंडाळायला सुरुवात झाली. हे सगळं मी ज्यासाठी केलं ते राहूनच जाणार की काय! कमल आता कुठे मला बाबा म्हणायला लागली होती. शेवटी एकच रविवार उरला. सोमवारी संध्याकाळची माझी गाडी.

त्या रविवारी मात्र सगळं जुळलं. नाना ठणठणीत, पार्ट बोटीचाच, आकाश स्वच्छ. यशोधरेनं भुट्ट्याचा कीस केला, पुऱ्या केल्या, लिंबाचं लोणचं घेतलं. आक्कानं ठेवणीतलं लुगडं नेसलं. बसमध्ये कमल माझ्या मांडीवर बसून सगळ्या प्रवाशांना ओरडून सांगत होती, “माझ्या बाबांची बोट आहे!” अहो, काय सांगू? सहा महिन्यांचं ग्वाल्हेर तिथल्या तिथे फिटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी धूळ गेली म्हणून सांगितलं.

तलाव काठोकाठ भरला होता. थोरली पाण्यावर डुलत होती. नाना म्हणाले, “थोरल्या बाईसाहेबांची बोट आहे. चपला काढून चढायचं.” सगळ्यांनी चपला काठावर काढल्या. एकेकाला हात देऊन मी बोटीत चढवलं. आधी नाना, मग आक्का, यशोधरा, शरद, सुमन, कमल. जेवणाचा डबा दिला. संताजी चाकापाशी बसला. मग मी धोतर सावरून ऐटीत एक पाय आत टाकला.

बोट अशी काही खचली, की काठाशी आलेलं पाणी आत डोकावायला लागलं. आक्का किंचाळली.

“साहेब, पाय बाहेर!” संताजी ओरडला. “आसनं सहा आहेत.”

“हो मग? माणसंही सहाच आहोत.”

“सात.”

“सहा!” मी म्हटलं. आकड्याच्या बाबतीत माझ्याशी कुणी वाद घातलेला मला खपत नाही. मी कोटाच्या खिशातून तक्ता काढला. (हो, बरोबर आणला होता. आठवण म्हणून कमलला दाखवणार होतो.) “हे बघ. कुटुंबातील मंडळी, सहा. सगळ्यांच्या सह्या आहेत.”

संताजीनं तक्ता वाचला, मग बोटीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि तक्ता परत दिला.

“बाबा,” शरद हळूच म्हणाला, “हा तुमच्या फॉर्ममधला नंबर आहे. त्यात लिहिलेलं असतं ना, ‘इंदुरास मागे राहणारी मंडळी’. तोच टाकला तुम्ही.”

मी हातातल्या कागदाकडे बघत राहिलो. चूक माझी, कबूल. सवयीनं लिहून गेलो. पण तो कागद पाच जणांनी वाचला होता! नानांनी तर दोनदा. यशोधरेनं वाचला, आक्कानं वाचला, रंगाचा उल्लेख नाही हे तिला दिसलं. आणि ‘कुटुंब सहा’ यात काही चुकलंय असं एकालाही वाटलं नाही.

“अगं बाई, माझ्या कसं ध्यानात आलं नाही!” यशोधरा म्हणाली आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. “पोळ्या तव्यावर होत्या हो... थांबा, मी उतरते. तुम्ही बसा.”

ती उठली, तशी कमलनं भोकाड पसरलं. “आई हवी! आई नको उतरू!” बोट डुचमळली. यशोधरा बसली.

“मी उतरतो, अच्युता,” नाना म्हणाले. दोन्ही हातांनी आसनाची कड घट्ट धरून म्हणाले.

“मीच उतरते,” आक्का म्हणाली. “माझं काय, मी जन्मात कधी बोटीत बसले नाही, नाही बसले म्हणून काय झालं?” आता यावर तिला कोण उतरवणार?

शरद आणि सुमन मोठ्या एकाग्रतेनं बगळे बघत होते.

“अरे, बसा सगळे,” मी म्हटलं. “मला तर बुवा पाण्यावर चक्कर येते. मी काठावरून बघतो. मस्त दिसतं काठावरून.”

“एक फेरी मारून येतो साहेब, मग तुम्ही बसा,” संताजी म्हणाला. “इंजिन एकदम फर्स्ट क्लास आहे.”

भोंगा वाजला. (वाजणार, त्याच्या रकान्यात मी तसं लिहिलंच होतं.) थोरली निघाली आणि सगळे हात हलवायला लागले. हात हलवण्यात आमच्या घरच्यांचा हात कुणी धरणार नाही. इतकी वर्षं प्लॅटफॉर्मवर उभं राहून मला निरोप दिलाय, सराव दांडगा. मीही सवयीनं हात हलवला. आणि हलवता हलवता लक्षात आलं की या खेपेला गाडीत ते आहेत आणि प्लॅटफॉर्मवर मी.

“बाबा!” कमल जोरात ओरडली. “पोचलात की पत्र टाका!”

तलावाच्या बरोबर मधोमध फर्स्ट क्लास इंजिन बंद पडलं.

“गरम झालं!” संताजीचा आवाज आला. “थंड व्हायला वेळ लागेल!”

“काही गडबड नाही!” मी ओरडलो. त्यांनाही नव्हतीच. त्यांनी डबा उघडला. पाण्यावरून आवाज फार स्वच्छ येतो हो. सुमन म्हणाली कीस झकास झालाय. नाना सरदारांच्या वेळची कसली तरी गंमत सांगत होते, ती मी कधी ऐकली नव्हती. ती संपली तेव्हा यशोधरा इतकी हसली, इतकी हसली, की मी तिला तसं हसताना शेवटचं कधी पाहिलं ते आठवायला लागलो. नाही आठवलं. ती सगळी सुखात होती, यात काही खोटं नाही. मला हवं होतं ते सगळं त्या बोटीत होतं. मी खाली बसलो आणि पुढ्यातल्या चपला नीट जोडीनं लावून ठेवल्या. भूक लागली होती, पण डबा तिकडे होता.

तेवढ्यात बंधाऱ्यावरून सरकारी चौकीदार आला. तलाव सरकारजमा झाल्यापासून तिथे चौकीदार असतो, आणि चौकीदार असतो म्हणून वही असते.

“बोट में कौन लोग हैं, बाबूजी?”

“परिवार है,” मी म्हटलं.

“कित्ते जन?”

“छह.” हे मला झोपेतही सांगता येतं.

त्यानं वहीत लिहिलं. मग माझ्याकडे बघितलं. “और आप कहाँ के?”

आता सोमवारची गाडी डोक्यात घोळत होती म्हणा, की आणखी काही म्हणा, मी बोलून गेलो, “ग्वालियर.”

“ग्वालियर!” तो चकित झाला. “तो याँ क्या कर रिये हो, भिया?”

मी विचार केला. खूप विचार केला. खरं, सरळ आणि एका वाक्यात बसणारं एकच उत्तर होतं.

“चप्पलें देख रहा हूँ.”

“हाँ, तो ऐसा बोलो ना!” त्याच्या जिवाचं समाधान झालं. त्यानं पेन्सिल जिभेला लावली आणि सहाच्या आकड्याखाली सावकाश लिहिलं, “नौकर, एक.” मग बेरीज केली आणि वही माझ्यापुढे धरली. “दस्तखत कर दो.”

मी नीट वाचून पाहिलं. या खेपेला आकडा सात होता, कुणीही सुटलेलं नव्हतं. मी सही केली.